शारज्याची वर्गणी

शारजा
दि. २३ मार्च २०२५, रविवार. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटे. आज सुट्टी आहे. कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या आहेत, तिसरी व्हायची आहे, आणि मी पलंगावर बसून हे लिहीत आहे.

आदरणीय दाजी,
सप्रेम जय भीम.

काल फोनवर तुम्ही मला चिक्कू म्हणालात आणि मी उत्तर देण्याआधी फोन ठेवलात. तुमचे नेहमी असेच असते. आज बोलायचे आणि उद्या "मी कुठं असं म्हनलो" म्हणायचे. म्हणून आजपासून पैशाबद्दल जे काही बोलायचे ते मी कागदावर लिहीन आणि कागदाचा फोटो तुम्हाला पाठवीन. तुम्हीही तसेच उत्तर द्यावे. लिहिलेले नाकारता येत नाही.

तुम्ही विचारलेत, "जाऊन आठ दिवस झाले, एक रुपया तरी पाठवलास का?" त्याचे उत्तर देतो.

मी येताना तीनशे दिरहम आणले. ते अर्धापूरच्या केळीच्या मजुरीतून साठवलेले माझे होते, तुमचे नव्हते. एक दिरहम म्हणजे तेवीस रुपये तीस पैसे. कंपनीने झोपायला लोखंडी पलंग दिला, त्यावर नुसती जाळी होती, म्हणून गादी, उशी आणि चादर यांत पंचावन्न गेले. सिमकार्ड पस्तीस. एका गावी जाणाऱ्या माणसाचा जुना कुकर तीस. बादली आणि मग नऊ. तांदूळ, डाळ, तेल, कांदे, अगदी मिठापर्यंत सगळे मिळून चोपन्न. म्हणजे एकशे त्र्याऐंशी खर्च झाले आणि एकशे सतरा उरले. ते मला सात एप्रिलपर्यंत पुरवायचे आहेत. सध्या रमजान आहे. संध्याकाळी मशिदीपुढच्या मांडवात कोणालाही जेवायला बसवतात, नाव विचारत नाहीत. मी सहा दिवस तिथेच जेवलो. सकाळी केळी खातो. काम अर्धापूरलाच करत होतो तेच आहे. हिरवी केळी बंद खोलीत लावायची, गॅस सोडायचा, थंडावा किती अंश आहे ते बघत राहायचे, आणि पिवळी झाली की पेट्या बाहेर काढायच्या. जास्त पिकलेल्या फण्या कामगारांना फुकट मिळतात.

पगार एजंटने पंधराशे सांगितला होता. इथे आल्यावर कागदावर बाराशे निघाला. मार्चचे पंधराच दिवस भरतात, त्याचे पाचशे ऐंशी दिरहम सात एप्रिलला मिळतील. म्हणजे साडेतेरा हजार रुपये. तुम्ही वस्तीत माझा पगार चाळीस हजार सांगितला असे धाकट्या लुंबिनीने कळवले. कृपया तसे सांगू नये.

त्या पाचशे ऐंशीतून पहिले एकच काम होईल. लुंबिनीच्या नर्सिंगची फी. बारा हजार. शेवटची तारीख २१ एप्रिल. त्या दिवसापर्यंत भरली नाही तर तिला परीक्षेला बसता येणार नाही. बाबा गेले तेव्हा तिचे एक वर्ष वाया गेलेच आहे. दुसरे मी जाऊ देणार नाही.

तुमचे साठ हजार मी विसरलेलो नाही. जूनपासून दरमहा पाच हजार देईन. पण "लाखभर घालून पाठवला" असे सांगत फिरू नका. एजंटने एक्क्याऐंशी हजार मागितले होते. मी नांदेडला त्याच्यासमोर बसून एकेक रक्कम विचारली. मेडिकलचे किती, तिकिटाचे किती, व्हिसाचा खर्च कंपनी करते तर तो आमच्याकडून का. शेवटी तो साठवर आला. तुम्ही माझ्या मागे उभे होतात, एक शब्द बोलला नाहीत. ते एकवीस हजार मी वाचवले. हे मात्र तुम्ही कुठे सांगत नाही.

शिट्टी झाली. थांबतो.

आपला,
रविकांत


लातूर
२६ मार्च

रविकांत,
जयभीम.

तुझं पत्र मिळालं. तुझ्या अक्कानं मोठ्यानं वाचलं, मी पोळ्या मोजत होतो. "बादली आणि मग नऊ" आलं आन् मेसमधली पोरं बी हसली. एक पोरगं म्हनलं, काका, हे कोण, इन्कम टॅक्सचे साहेब हायत का? मी म्हनलं, न्हाई बाबा, मेव्हणा हाय माझा. दहावीला मराठीत एकाहत्तर होते त्याला, तवापासून असाच बोलतो.

मला लिवायला येळ न्हाई. पहाटे चारला कणीक मळायला बसतो मी. बारावीचे पेपर संपले, निम्मी पोरं गावाकडं गेली, चाळीस डब्याचे अठरा झाले. जी ऱ्हायली ती बी म्हनतात, काका, पुढच्या महिन्यात देतो. गॅस, किराणा, खोलीभाडं, सगळं चालूच हाय. हे तुला कळायचं न्हाई, तू कांदे मोज.

आन् काय रे, मांडवात बसून फुकट जेवतो म्हनून लिवतोस, वर ते बी हिशोबात धरतोस? त्या लोकांनी उपास धरून दुसऱ्याला खाऊ घातलं, तू त्याचे दिरहम वाचवलेस. शाबास.

आता कामाचं. सहा एप्रिलच्या आत एकवीस हजार पाठव. माझ्या खात्यावर. पगार कमी पडत आसंल तर साहेबाकडून उचल घे, सगळेच घेतात. जयंतीचं काम हाय. तू परदेशात गेल्यावरची ही पहिली जयंती. अर्धापूरला तुझी आई एकटी वस्तीत ऱ्हाते, तिची मान वर ऱ्हायला पायजे का न्हाई? मी लातूरला बसून काळजी करून राहिलो आन् तू तिथं मग मोजून राहिलास.

एकवीसच का, ते इचारू नको. मी सांगतो म्हनून पाठव. लुंबिनीच्या फीला आजून लई दिवस हायत, तिचं मागनं बघू.

तुला विमानात बसवणारा मीच हाय हे ध्यानात ठेव.

ज्ञानोबा सोनकांबळे


शारजा
३१ मार्च २०२५, सोमवार. सकाळचे साडेनऊ. ईदची सुट्टी आहे, कपडे वाळत घालून बसलो आहे.

आदरणीय दाजी,
जय भीम.

एकवीस हजार पाठवणार नाही.

कारण विचारू नको म्हणता, म्हणजे सांगण्यासारखे नसेल. मी ओळखतो. तुम्हाला वर्गणी मोठी हवी आहे म्हणजे माईकवर आकडा मोठा वाचला जाईल. माईक दिसला की तुमचा हात सैल सुटतो. तुमच्या लग्नात तुम्ही अंगठीसाठी रुसला नाहीत, घड्याळासाठी रुसला नाहीत, वरातीला डीजे नाही म्हणून रुसलात. बाबांनी भर उन्हात सायकलवर नांदेडला जाऊन दोन कर्णे भाड्याने आणले तेव्हा तुम्ही मांडवात आलात. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. सगळे लक्षात आहे.

साहेबाकडून उचल घेणार नाही. माझ्या वरच्या पलंगावर बिलोलीचा सोमेश म्हणून एक जण आहे. निम्मे तेलुगू, निम्मे मराठी बोलतो. त्याने आल्या आल्या पहिले तीन पगार जसेच्या तसे घरी पाठवले, कारण घरच्यांनी बहिणीच्या लग्नाचा मुहूर्त त्याला न विचारता धरला होता. मग चौथ्या महिन्यात दाढ सुजली तेव्हा डॉक्टरला द्यायला चाळीस दिरहम नव्हते. तो म्हणतो, "अन्ना, इथे पहिल्या दोन महिन्यांत घरचे तुझी किंमत ठरवतात. जेवढे पाठवशील तेवढाच तुझा पगार धरतात." मला त्याचे पटले. आमच्या खोलीत दहा जणांची भिशी चालते, दरमहा साठ दिरहम. मला बोलावले. मी नाही म्हणालो. दुसऱ्याच्या पैशात मी जात नाही आणि माझ्या पैशात कोणाला येऊ देत नाही. काल ईदला शेजारच्या खोलीतून परात भरून बिर्याणी आली, ती खाल्ली. हेही लिहून ठेवा, मेसच्या पोरांना वाचून दाखवा.

जयंती मंडळाचे व्यवहार मला शिकवू नका. जयंतीतून उरलेला फंड वर्षभर वस्तीतच दरमहा शेकडा दोन व्याजाने उसना फिरतो. ज्याने घेतला त्याने जयंतीआधीच्या बैठकीत व्याजासकट टेबलावर ठेवायचा. ज्याचा आला नाही त्याचे नाव आणि आकडा माईकवर वाचतात, रोज संध्याकाळी, पैसे येईपर्यंत. लहानपणी ती नावे ऐकत आम्ही पायरीवर बसायचो. बाबा म्हणायचे, "आपलं नाव या यादीत कंदी ऐकलंस का? ऐकणार बी न्हाईस." तीस वर्षांत आमच्या घराने त्या फंडातला एक रुपया घेतला नाही. आईची मान त्याने वर आहे. तुमच्या एकवीस हजारांनी होणार नाही.

आणखी एक. फीचे पैसे मी तुमच्या खात्यावर पाठवणार होतो. आता थेट लुंबिनीच्या खात्यावर पाठवीन. का ते तुम्हाला कळेल.

रविकांत


शारजा
७ एप्रिल २०२५, सोमवार. संध्याकाळचे सात. पैसे पाठवण्याच्या दुकानाबाहेर कठड्यावर बसून लिहीत आहे. पावती खिशात आहे.

दाजी,

माझ्या पत्राला तुम्ही उत्तर दिले नाही. त्याऐवजी वस्तीच्या ग्रुपवर व्हिडिओ आला.

मी तो चार वेळा बघितला. विहारासमोरचे स्टेज, रविवारची बैठक, आणि तुम्ही. तुम्ही अर्धापूरचे नाही, मंडळात नाही, तरी माईक तुमच्याच हातात. "आमचे मेव्हणे, रविकांत नागोराव गजभारे, मुक्काम शारजा, यांच्याकडून जयंतीला रुपये एकवीस हजार." मग टाळ्या. कोणीतरी शिट्टी मारली. आई बायकांत बसली होती, तिने पदर डोक्यावर ओढून खाली बघितले. खजिनदाराने वहीत लिहिले तेही दिसते.

मी नाही म्हणून लिहून पाठवल्यावर तुम्ही माझ्या नावाने आकडा बोललात. याला काय म्हणायचे ते तुम्हीच सांगा. दुसऱ्याच्या खिशात हात घालणाऱ्याला आपल्याकडे एक शब्द आहे. तुम्ही वयाने मोठे, अक्काचे नवरे, म्हणून तो लिहीत नाही.

आज पाचशे ऐंशी मिळाले. लुंबिनीला बारा हजार पाठवले, त्याचे पाचशे पंधरा आणि दुकानाचे सोळा. आधीचे बासष्ट धरून माझ्याकडे एकशे अकरा दिरहम आहेत. यात पुढचा महिना काढायचा आहे. तुमच्या टाळ्या यात बसत नाहीत.

मी दुपारी ग्रुपवर मेसेज टाकला आहे. शब्द असे: "रविवारच्या बैठकीत माझ्या नावाने जाहीर झालेली एकवीस हजारांची वर्गणी मला न विचारता बोलली गेली आहे. ती मी दिलेली नाही व देणार नाही. मंडळाने नोंद रद्द करावी. रविकांत गजभारे, शारजा." तुम्हाला वाईट वाटेल म्हणून आधी कळवले असते, पण तुम्ही मला कळवले नव्हते.

रविकांत


अर्धापूर
१२ एप्रिल

रविकांत,

जयभीम घालायची इच्छा न्हाई, तरी घालतो. तुला न्हाई, कागदाला.

तुझा मेसेज शंभर माणसांनी वाचला. लई चांगलं लिवलंस. एक काना-मात्रा चुकला न्हाई. आता मी लिवतो, त्यातल्या चुका काढत बस.

नांदेडचा एजंट साठवर आला न्हाई. तो एका रुपयानं खाली आला न्हाई. तू खुर्चीत बसून त्याला मेडिकलचे किती, तिकिटाचे किती इचारत होतास, तोंड लाल झालं होतं तुझं. त्यो मान हालवून न्हाई म्हनायच्या बेतात होता. मी तुझ्या मागं उभा होतो. मी त्याला बोटानं खुणावलं, हो म्हन, बाकीचे मी देतो. तवा त्यो हसला आन् म्हनला, "चला, तुम्ही हुशार हायत, साठ द्या." तू बाहेर आलास तर छाती फुगली होती. चहाचे पैसे पहिल्यांदा तू दिलेस.

माझ्याकडं साठच होते. ते बी मेसच्या पोरांनी भरलेलं डिपॉझिट. वरचे एकवीस कुठनं आणू? मी अर्धापूरला आलो, तुझ्या आईला सांगितलं, आन् मंडळाच्या फंडातनं एका महिन्याच्या बोलीवर उचलले. फंड वस्तीतल्या घरालाच मिळतो, मी भाईरचा, म्हनून नाव तिचं लागलं. तिनंच मला बजावलं, "पोराला सांगू नका. त्याला कळलं तर त्यो जाणार न्हाई. हिशोब करत बसंल आन् घरीच ऱ्हाईल." खोटं हाय का? सांग. एक्क्याऐंशी म्हनलं आसतं तर तू विमानात बसला आसतास?

मी साधू न्हाई. तू गेला नसतास तर माझे साठ बी त्या एजंटच्या घशात गेले आसते. त्याला तवाच दिले होते. म्हनून बी तुला बसवला. हे बी लिवून ठेव.

वाटलं होतं, एप्रिलची पोरं आगाऊ भरतील आन् मी गुपचूप फेडीन. पोरं गेली गावाकडं. मग तुला मागितले, तर तू मला माझ्या लग्नातला डीजे काढून दाखवलास.

सहा तारखेला टेबलावर पैसे ठेवायचे होते. न्हाई ठेवले तर तुझ्या आईचं नाव माईकवर. मी खजिनदाराच्या हातापाया पडलो. त्यो भला माणूस. म्हनला, "दाजी, फंडात एकवीस आलेच पायजेत, बाकी म्हनून आले काय न् वर्गणी म्हनून आले काय. रविकांतच्या नावानं वर्गणी बोला, चौदाच्या आत आणून द्या, मी बाईंची बाकी खोडतो. व्याजाचे चारशे वीस तेवढे रोख ठेवा." ते मी खिशातनं ठेवले. म्हनून माईक घेतला. आईची बाकी पोराच्या नावावर वर्गणी करून टाकली, टाळ्या वाजल्या, कुणाला कळलं न्हाई. मी म्हनलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी तू नोंद रद्द करून घेतलीस. वर्गणी खोडली, की खोडलेली बाकी उभी ऱ्हायली. खजिनदार तरी काय करंल? शंभर लोकांसमोर तूच लिवलंस.

आठ तारखेला संध्याकाळी वाचलं. बायका विहारात खिरीचे तांदूळ निवडत होत्या. तुझी आई त्यातच. माईकवर आलं, "नागुबाई नागोराव गजभारे, एकवीस हजार, बाकी." तांदळाच्या परातीवरचे सगळे हात थांबले. ती उठली, पदर खोचला, स्टेजपाशी गेली. मला वाटलं भांडती. ती म्हनली, "पोरा, नीट वाच. बाकी माझी हाय, नुसतं नागुबाई म्हन. त्यांचं नाव मधी घेऊ नको. त्यांनी कंदी फंड घेतला न्हाई." आन् परत जाऊन तांदूळ निवडायला बसली. त्या पोरानं माईक खाली ठेवला. पुढची नावं वाचलीच न्हाईत त्यानं.

नऊला सकाळी लुंबिनी बँकेत जाऊन तू पाठवलेले बारा हजार काढून आली आन् टेबलावर ठेवले. मी म्हनलं, आगं, फी? ती म्हनली, "दाजी, फीची तारीख एकवीस हाय. बाकीची आजची हाय. आन् दादाला सांगू नका, त्यो जेवायचा बंद होईल." मी सांगून राहिलो. जेव नायतर जेवू नको. ऱ्हायलेले नऊ हजार मी भरले. मेसच्या दोन भट्ट्यांतली मोठी विकली. आता सत्तर पोळ्या एका भट्टीवर.

काल सगळं फिटलं. तुझ्या आईचं नाव आता कुठंच न्हाई. तुझं बी न्हाई.

फीची तारीख तुला पाठ हाय. माझ्याकडं आता विकायला तुझी अक्का ऱ्हायली. तू हिशोबी माणूस हायस. कर हिशोब.

ज्ञानोबा


शारजा
२० एप्रिल २०२५, रविवार. सकाळचे अकरा. लुंबिनीने ऑनलाइन फी भरल्याच्या पावतीचा फोटो दहा मिनिटांपूर्वी आला. तो बघून लिहायला बसलो आहे.

दाजी,
जय भीम.

तुमचे पत्र वाचल्यावर मी नांदेडच्या एजंटला फोन लावला. तुम्ही खोटे बोलत असाल असे मला वाटले होते. खरे सांगायचे तर तसे असावे असे वाटत होते. तो हसला. म्हणाला, "तुमचे दाजी मागून बोट दाखवून दाखवून बेजार झाले होते, तुम्ही बोलायचे थांबतच नव्हता." मी फोन ठेवला.

तुम्ही मला सांगायला हवे होते. आईने सांगू नका म्हटले तरी. अठ्ठावीस दिवस मी इथे प्रत्येकाला सांगत होतो की एजंटशी कसे बोलायचे. तुमचे पत्र येण्याच्या आदल्या दिवशी तेलंगणाचा एक नवीन मुलगा आला, त्यालाही मी शिकवत होतो. सोमेश वरच्या पलंगावरून ऐकत होता. तुम्ही मला घाबरट धरलेत आणि हुशार आहेस म्हणून फसवलेत. हे मी विसरणार नाही. मी ग्रुपवर जे लिहिले ते तुम्ही विसरणार नाही. तेवढे सारखे आहे.

आता फीचे. तेरा तारखेला मी साहेबाकडे उचल मागितली. ते म्हणाले, तीन महिने झाल्याशिवाय नाही. मग मी खोलीत आलो. सोमेशने आठ तारखेला या महिन्याची भिशी उचलली होती. सहाशे दिरहम. बिलोलीच्या घराचा स्लॅब टाकायला. दिरहमचा दर वाढायची वाट बघत तो थांबला होता. मी तीन दिवस त्याला काही बोललो नाही. चौथ्या दिवशी त्यानेच विचारले, "अन्ना, तू केळीसुद्धा खाईना झालास, काय झालं?" मी तुमचे पत्र त्याला वाचून दाखवले. त्याने सगळे ऐकले आणि फक्त आईचे वाक्य परत एकदा वाचायला सांगितले. मग उशीच्या खोळीतून पाकीट काढून माझ्या गादीवर टाकले. मी कागद लिहून देतो म्हणालो तर शिवी दिली. तेलुगूत. दरमहा दीडशे, चार महिने असे ठरले. पुढच्या भिशीत मी आहे.

काल पुन्हा बारा हजार पाठवले. लुंबिनीच्याच खात्यावर. तिला सांगितले आहे, हे फीचे आहेत, दुसऱ्या कोणत्याही टेबलावर ठेवायचे नाहीत.

ग्रुपवर मी दुसरा मेसेज टाकला आहे. शब्द असे: "आठ तारखेला वाचलेली बाकी माझ्या आईची नव्हती. ते पैसे माझ्या प्रवासासाठी घेतले होते. मला माहीत नव्हते. माहीत करून घ्यायला हवे होते. रविकांत गजभारे." तुमचे नाव त्यात घातलेले नाही. चांगले म्हणूनही नाही, वाईट म्हणूनही नाही. आईला फोन केला. ती म्हणाली, "जेवलास का?" मी म्हणालो, जेवलो. ती म्हणाली, "मग ठेव, बॅलन्स जातो." तिला अजूनही फोनला पैसे पडतात असे वाटते.

अक्काला विकायची भाषा पुन्हा लिहू नये. भट्टी कोणाला विकली ते कळवा. तो परत देत असेल तर आकडा कळवा. पण मे महिन्याच्या आत शक्य नाही.

आजपर्यंतचा हिशोब खाली आहे. चूक असेल तर लिहून कळवा, फोन करू नका.

हाती आलेले: सोबत आणलेले ३००, पगार ५८०, सोमेशकडून ६००. एकूण १,४८० दिरहम.
घरी पाठवले, दोन वेळा, दुकानाच्या खर्चासह: १,०६२ दिरहम.
माझ्यावर खर्च, पाच आठवडे: २९६ दिरहम. यात मांडवातले सहा दिवस आणि बिर्याणी धरलेली नाही. ते धरायचे नसते.
शिल्लक, सात मेपर्यंत: १२२ दिरहम.

देणे, सोमेश: ६०० दिरहम.
देणे, ज्ञानोबा सोनकांबळे, लातूर: साठ हजार, भट्टीचे नऊ हजार, व्याजाचे चारशे वीस. एकूण ६९,४२० रुपये.
देणे, जयंतीची वर्गणी: बाकी आहे. आकडा मी ठरवीन. माईकवर वाचायची नाही.

नांदेडच्या एजंटशी बोलून वाचवलेले: शून्य.

रविकांत